२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे स्वतः कसं तपासायचं (आणि तिथून चार कोटी अंकांपर्यंत कसं पोचायचं)

"जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली" अशी बातमी आली की प्रश्न ठरलेले असतात, एवढे अंक भागत कोण बसलं, खरंच मूळ आहे कशावरून, आणि याचा उपयोग काय. शेवटच्या प्रश्नाचं नंतर बघू. पहिल्या दोघांचं उत्तर वाचून कळत नाही, करून कळतं. मी गणिताचा पदवीधर वगैरे नाही, हौसेने शिकलोय, आणि शिकताना जी माहिती मिळाली ती एकतर लहान मुलांसाठी नाहीतर डायरेक्ट पीएचडीवाल्यांसाठी, मधलं कुणी लिहिलेलंच नव्हतं. म्हणून हे.

आपण २^३१ − १ (२ चा ३१ वा घात, वजा १) म्हणजे २१४७४८३६४७ ही संख्या धरून चालू. दहाच अंकी आहे, पण मोठ्या संख्यांना जे जे करतात ते सगळं हिच्यावर करता येतं आणि उत्तर लगेच मिळतं. ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मधे ही मूळ असल्याचं दाखवलं, आणि तेव्हा माहीत असलेली ती सगळ्यात मोठी मूळ संख्या होती.

१. आधी काय काय लागेल

- वही-पेन, खरंच लागतं, पायरी ६ साठी
- पायथन (प्रोग्रॅम लिहायची एक भाषा) टाकलेला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप (मोबाईलवर चालणारा ऑनलाइन पायथन पण चालेल)
- दहावीपर्यंतचं गणित: घातांक, भागाकार, बाकी
- शेवटच्या पायरीसाठी नेट आणि एक ईमेल आयडी

एक्सेल लागणार नाही. उलट एक्सेल वापरूच नका. ते फक्त १५ अंक सांभाळतं, त्यापुढचे अंक गुपचूप शून्य करून टाकतं. २^६१ − १ ची खरी किंमत २३०५८४३००९२१३६९३९५१ आहे, एक्सेल दाखवतं २३०५८४३००९२१३६९००००. आता शेवटी शून्य दिसलं की माणूस म्हणणार, अरे हिला तर दहाने भाग जातो, मूळ कुठली! चूक संख्येची नसते, साधनाची असते. मोबाईलमधल्या बऱ्याच कॅल्क्युलेटरचं पण तसंच. पायथनमधे पूर्णांक कितीही मोठा असला तरी पूर्ण राहतो, म्हणून पायथन.

२. संख्या नीट टाइप करा

हसू नका, नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो.

मी इथे घातासाठी ^ हे चिन्ह वापरतोय, पण पायथनमधे त्या चिन्हाचा अर्थ घात नाहीये, ते बिट्सवरचं (म्हणजे संख्येच्या ०-१ रूपातल्या अंकांवरचं) वेगळंच काम करतं. तिथे २^३१-१ टाकलंत तर उत्तर येतं २८. एरर येत नाही, शांतपणे २८ येतं आणि तुम्ही पुढे तासभर २८ ची मूळता तपासत बसता. घातासाठी दोन स्टार टाकायचे: २**३१ - १. आणि अर्थात आकडे इंग्रजी टाका, देवनागरी आकडे प्रोग्रॅममधे सरळ लिहिले तर तो तक्रार करेल.

दुसरं, पायथन ३.११ पासून पुढे एक नवीन भानगड आहे. ४३०० पेक्षा जास्त अंकांची संख्या स्क्रीनवर छापायला गेलात की एरर येतो. हिशोब झालेला असतो, फक्त छापायला नकार असतो (सुरक्षेसाठी घातलेली मर्यादा आहे, सेटिंग बदलून काढता येते). घाबरून पायथन परत इन्स्टॉल करू नका. एवढे अंक छापून करायचंय काय तसंही? किती अंकी आहे एवढंच हवं असेल तर घातांकाला ०.३०१०३ ने गुणा, दशांशानंतरचं सोडून द्या, एक मिळवा. ३१ साठी ९.३३, म्हणजे १० अंकी. बरोबर.

ही संख्या ओळखीची वाटत असेल तर कारण आहे. ३२ बिटांच्या जागेत मावणारा सगळ्यात मोठा चिन्हासहित पूर्णांक हाच. जुन्या सिस्टिम्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्याच जागेत मोजतात, आणि आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ही मोजणी या आकड्यावर येऊन अडकते. पण तो आकडा तिथे येतो तो ३१ बिट सगळे १ असतात म्हणून, मूळ आहे म्हणून नाही. या दोन गोष्टींची गल्लत लोक फार करतात.

३. आधी घातांक तपासा

२^प − १ मूळ असायची असेल तर प स्वतः मूळ असावाच लागतो. कारण सोपं आहे, बायनरीमधे, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर, ही संख्या म्हणजे ओळीने प वेळा १. घातांक ३५ असेल तर पस्तीस एक्के, त्यांचे पाच-पाचचे सात गट पडतात, म्हणजे २^५ − १ = ३१ ने भाग गेलाच. सात-सातचे गट पाडले तर १२७ ने पण जातो. संपलं, पुढची मेहनत वाचली.

आता सापळा. उलटं खरं नाही. प मूळ आहे म्हणजे २^प − १ मूळ, असं नाही. ११ मूळ आहे पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. हे २०४७ लक्षात ठेवा, पुढे तीनदा लागणारे.

या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यावरून. त्याने १६४४ मधे २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली होती, त्यात ६७ आणि २५७ चुकून घातलेले आणि ६१, ८९, १०७ सुटलेले. २^६७ − १ चे अवयव १९०३ मधे कोल नावाच्या गणितज्ञाने दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. म्हणजे यादीत नाव आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, चारशे वर्षं जुनी यादी असली तरी.

४. भागूनच बघायचं असेल तर ऑयलरसारखं भागा

२१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० च्या जरा वर आहे, त्यामुळे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की काम झालं. पण अशा मूळ संख्या सुमारे ४८०० आहेत. कॉम्प्युटरला काहीच नाही, ऑयलरला होतं.

त्याने काय केलं, संख्येचा आकार वापरला. २^३१ − १ ला ज्या मूळ संख्येने भाग जाईल ती ६२ च्या पटीत एक मिळवून आलेलीच असली पाहिजे (६२ म्हणजे ३१ ची दुप्पट), शिवाय ८ ने भागल्यावर तिची बाकी १ किंवा ७ च असली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की फक्त दोन प्रकार उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवून किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून. ४६३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६, दुसऱ्या प्रकारच्या ६३ सोडून १८६, एकूण ३७२ संख्या. त्यातल्याही कितीतरी स्वतःच मूळ नाहीत, २४९ ला ३ ने जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, त्या खोडून टाकायच्या. पहिली खरी उमेदवार ३११. भागून बघा, ६९०५०९२ वेळा जातो आणि बाकी ३५ उरते. गेली. पुढची १३०३. असं करत शेवटपर्यंत जायचं.

हा नियम खरा आहे का हे २०४७ वर लगेच पडताळता येतं. तिथे घातांक ११, दुप्पट २२. २३ = २२ + १, ८९ = ४ × २२ + १. आणि ८ ने भागलं तर बाकी ७ आणि १.

ही पायरी मी तरी कधी गाळू नका म्हणेन, कारण मोठ्या संख्यांना पण सुरवातीला हेच करतात, आधी असे छोटे भाजक शोधायचे, सापडला तर पुढचा सगळा खर्च वाचतो. फक्त एवढ्यावर भागत नाही. २^१२७ − १ चं वर्गमूळच २० अंकी आहे, तिथे कितीही गाळून घेतलं तरी भागत बसणं अशक्य.

एक मजेशीर उदाहरण इथेच करून घ्या. ३ मूळ, २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ, २^१२७ − १ पण मूळ. मग वाटतं, घातांकात मर्सेन मूळ संख्या ठेवली की मर्सेन मूळच मिळणार. आता घातांकात आपली २१४७४८३६४७ ठेवा. जी संख्या येईल ती सुमारे ६४.६ कोटी अंकी, लिहून काढणं सोडाच. पण पायथनचं पाउ (pow) फंक्शन घ्या, त्यात स्वल्पविराम देऊन तीन गोष्टी टाका, २, मग २१४७४८३६४७, मग २९५२५७५२६६२६०३१. उत्तर क्षणात येतं, १. म्हणजे त्या अवाढव्य संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो, मूळ नाही. तिसरी गोष्ट टाकायला मात्र विसरू नका, नाहीतर पायथन खरोखर २ चा तो घात काढायला बसेल, लॅपटॉप गरम होईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

५. फर्माची टेस्ट, आणि ती इथे का फसवते

नेटवर कुठेही शोधा, पहिली हीच सापडते: न (२ सोडून) मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ नाही आली तर न नक्की मूळ नाही. आली तर "बहुतेक मूळ".

आता २०४७ वर करून बघा. बाकी १ येते! पण २०४७ तर २३ × ८९ आहे. हा अपघात नाही. मर्सेन संख्येच्या बाबतीत घातांक मूळ असला की २ घेऊन केलेली ही टेस्ट प्रत्येक वेळी पास होते, मूळ असो नसो. २^११ ला २०४७ ने भागलं की बाकी १ उरणारच (२०४८ आहे ना ते), आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, मग वेगळं काय येणार. म्हणजे इथे ही टेस्ट काहीही सांगत नाही, आणि ज्यांना हे माहीत नसतं त्यांना दर आठवड्याला नवीन मर्सेन मूळ संख्या "सापडते".

उपाय साधा आहे, २ च्या जागी ३ घ्या. ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १०१३ येते, पकडली गेली. मोठ्या शोधात पण पहिली चाळणी ३ घेऊनच लावतात. पास झाली तरी ती "बहुतेक" च असते हे डोक्यात ठेवा.

६. ल्युका-लेहमर टेस्ट: हीच खरी

मर्सेन संख्यांचं नशीब म्हणजे त्यांच्यासाठी एक खास टेस्ट आहे जी "बहुतेक" म्हणत नाही, हो किंवा नाही सांगते. ल्युकाने १८७६ मधे २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हाताने दाखवलं ते याच वाटेने, पुढे लेहमरने तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं.

कृती अशी. ४ पासून सुरू करा. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. असं घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करायचं. शेवटी ० आलं तर मूळ, दुसरं काहीही आलं तर मूळ नाही.

कॉम्प्युटरकडे जायच्या आधी १२७ साठी वहीवर करा, पाचच फेऱ्या आहेत. ४. मग १६ − २ = १४. मग १९६ − २ = १९४, बाकी ६७. मग ४४८९ − २ = ४४८७, बाकी ४२. मग १७६४ − २ = १७६२, बाकी १११. मग १२३२१ − २ = १२३१९, बाकी ०. झालं.

आणि बाकी काढताना भागाकार पण नको. १२७ ने भागायचंय तर १२८ ने भागा, भागाकार आणि बाकी यांची बेरीज करा. १२३१९ मधे १२८ बसतात ९६ वेळा, उरतात ३१. ९६ + ३१ = १२७, म्हणजे शून्य. बायनरीमधे १२८ ने भागणं म्हणजे नुसतं शेवटचे सात बिट तोडणं, त्यामुळे मशीनला हे काम जवळपास फुकट पडतं. सगळ्यात मोठ्या माहीत असलेल्या मूळ संख्या बहुतेक वेळा मर्सेनच का असतात याचं कारण हेच, त्या जास्त आहेत म्हणून नाही (उलट फार कमी आहेत), तपासायला सोप्या आहेत म्हणून.

आता २०४७ करा, नऊ फेऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, मूळ नाही. गंमत म्हणजे अवयव कुठले ते टेस्ट अजिबात सांगत नाही, फक्त "नाही" म्हणते.

मग २^३१ − १ साठी पायथनमधे लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) लावा, २९ फेऱ्या. सुरवात अशी दिसली पाहिजे: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८. सहावा आकडा जुळला की तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे असं समजा, कारण पाचव्यापर्यंत भागायची गरजच पडत नाही, चुकलेला प्रोग्रॅम पण तिथपर्यंत बरोबर दिसतो. शेवटी ० येईल.

इथले नेहमीचे घोटाळे:

शेवटी २१४७४८३६४५ आलं तर एक फेरी जास्त झालीये (शून्याचा वर्ग वजा २). शेवटी २ आलं तर त्याहून जास्त झाल्यात, एकदा २ वर पोचलं की ते तिथेच फिरत राहतं. घातांक २ ला ही टेस्ट चालत नाही, २^२ − १ = ३ मूळ आहे हे आपल्याला तसंही माहितीये. आणि दर फेरीला बाकी काढा, शेवटी एकदम काढू म्हणालात तर आकडा दर वेळी दुप्पट लांबीचा होत जातो आणि मेमरी संपते.

जमलं की ६१, ८९, १०७, १२७ ला शून्य येतंय का आणि ६७, २५७ ला येत नाहीये का बघा. मग ५२१, ६०७, १२७९. सगळं काही सेकंदांत. १९५२ पर्यंत यातलं ५२१ सुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

७. संख्या मर्सेन नसेल तर

ल्युका-लेहमर फक्त २^प − १ ला लागू आहे, भलत्या संख्येवर लावू नका. दुसऱ्या संख्यांसाठी एक पद्धत अशी की एक वजा करून जे येईल त्याचे अवयव पाडायचे. आपल्या संख्येतून एक वजा केला तर २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. आता असा एखादा अ शोधायचा की त्याचा २१४७४८३६४६ वा घात घेतला तर बाकी १ यावी, पण २१४७४८३६४६ ला यातल्या कुठल्याही एका मूळ अवयवाने भागून तेवढाच घात घेतला तर बाकी १ येऊ नये. असा अ मिळाला की संख्या मूळ असल्याचा पक्का पुरावा झाला. २, ३, ५ ने जमत नाही, ७ ने जमतं. नाही जमलं म्हणून संख्या मूळ नाही असा अर्थ काढू नका, पुढचा अ घ्या. (७ चा पाचवा घात १६८०७ आणि ही आपली संख्या, ही जोडी रँडम आकडे काढणाऱ्या एका जुन्या आणि खूप वापरल्या गेलेल्या सूत्रात आहे, ते यामुळेच.)

कुठलीही संख्या, खात्रीने, आणि अंकांच्या मानाने आवाक्यातल्या वेळात तपासणारी पद्धत आपल्याच लोकांनी दिली, आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, २००२ मधे. सिद्धांत म्हणून जबरदस्त काम, पण प्रत्यक्षात ती हळू चालते, तुमच्या कामाला ती घेऊ नका.

८. खऱ्या शोधात भाग घ्यायचा असेल तर

जिम्प्स नावाचा प्रकल्प १९९६ पासून चालू आहे, जॉर्ज वॉल्टमनने सुरू केलेला. जगभरातल्या लोकांचे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात मर्सेन संख्या तपासतात. सध्याचा विक्रम २^१३६२७९८४१ − १ चा, ४१०२४३२० अंकी, ऑक्टोबर २०२४ मधे ल्यूक ड्युरंटला सापडलेली. त्याने घरच्या लॅपटॉपवर नाही, वेगवेगळ्या देशांतल्या डेटा सेंटरमधले जीपीयू (ग्राफिक्स कार्डवरचे वेगवान प्रोसेसर) भाड्याने घेऊन काम केलं होतं, ३ वाली चाळणी डब्लिनमधल्या जीपीयूवर पास झाली आणि ल्युका-लेहमरने शिक्का टेक्सासमधल्या दुसऱ्या जीपीयूवर बसला. त्यामुळे अपेक्षा बेताची ठेवा.

जिम्प्सच्या साइटवर अकाउंट काढा, प्राइम-९५ डाउनलोड करा (लिनक्सवर त्याचंच एमप्राइम येतं). सुरू केल्यावर ते विचारतं, प्रकल्पात सामील व्हायचंय का फक्त स्ट्रेस टेस्ट करायचीये. सामील व्हा निवडा. दुसरं निवडलंत तर मशीन तापेल, पण संख्या एकही तपासली जाणार नाही, तो पर्याय आहे कारण बरेच लोक हे सॉफ्टवेअर नवीन पीसी टिकतोय का बघायलाच वापरतात. कामाचे प्रकार दिसतील, नवीन असाल तर आधी जुन्या निकालांची फेरतपासणी घ्या, घातांक लहान असतात, काम संपताना तरी दिसतं. अशा जुन्या निकालासोबत शेवटच्या बाकीचा एक छोटा तुकडा साठवलेला असतो, दुसऱ्या मशीनवर तोच आला की निकाल पक्का धरतात.

ऑफिसच्या मशीनवर न विचारता लावू नका. लॅपटॉप बॅटरीवर असताना थांबेल अशी सेटिंग करा, वीजबिलाकडे लक्ष ठेवा. संख्या सापडली तर जिम्प्सकडून ३००० डॉलर आहेत, आणि दहा कोटी अंकी मूळ संख्येसाठी इएफएफ (इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही अमेरिकन संस्था) ने जाहीर केलेलं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे, त्यासाठी घातांक ३३ कोटींच्या पुढचा लागतो. सापडलेली संख्या बँका किंवा युपीआयच्या सुरक्षेला वापरतात असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, तिथे काहीशे अंकी मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात, जी सगळ्या पेपरात छापून आली ती कुलपाला काय कामाची.

मधेच कंटाळा आला तर प्रोग्रॅम नुसता उडवू नका, आधी साइटवर जाऊन तुम्हाला मिळालेला घातांक परत करा. नाहीतर मुदत संपेपर्यंत तो तुमच्या नावावर अडकून राहतो.